श्री. आधी यांस, मु. पो. पुणे

श्रीयुत आधीराव यांस,

स. न. वि. वि.

पत्र खुलं आहे, कारण बंद पत्र पाठवायचं तर आधी पाकीट आणावं लागेल, त्याआधी तिकीट, आणि त्याआधी पोस्ट किती वाजता उघडतं ते बघावं लागेल. बघितलंत? पहिल्याच वाक्यात तीनदा घुसलात. तुम्हाला दाराबाहेर ठेवून मराठीत दोन ओळी लिहिता येत नाहीत, हा तुमचा दरारा मान्य करूनच पुढे जातो.

माझी ओळख सांगतो. वय चौपन्न, राहणार कोथरूड. पोटासाठी दुसऱ्यांचे हिशेब तपासतो. कोणती नोंद कोणत्या नोंदीच्या वर हवी होती, हे मी झोपेतही सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. असं असूनही गेली पंचवीस वर्षं रात्री दहा वाजता पलंगाच्या कडेला बसलं की एका साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. त्या प्रश्नाचा पहिला शब्द तुम्ही आहात. आधी कोणतं वाचू?

पलंगाशेजारी एक स्टूल आहे. त्याच्यावर सध्या सात पुस्तकं आहेत. स्टुलावर येणं ही बढती समजायची, कारण कपाटात, कपाटावर, दिवाणाच्या पोटात आणि देवघराखालच्या खणात मिळून जी न वाचलेली मंडळी आहेत, ती मी एका रविवारी मोजली तेव्हा एकशे त्रेचाळीस भरली. त्यातून गाळून गाळून सात. दहा वाजता मी वरचं उचलतो. मलपृष्ठ वाचतो. किंमत बघतो, आवृत्ती कितवी ते बघतो, नाकाशी नेऊन वास घेतो. अर्पणपत्रिका वाचतो. मनोगत चाळतो. ऋणनिर्देशात ओळखीचं कोणी आहे का ते शोधतो. आणि नेमका पहिल्या प्रकरणाचा पहिला शब्द डोळ्यांपुढे आला की तुम्ही कानाशी येता. म्हणता, "हे कसलं घेतलंस? आधी ते खालचं नको का वाचायला?" मी खालचं काढतो. पुन्हा मलपृष्ठ. पावणेअकराला ही म्हणते, "अहो, दिवा." दिवा जातो.

याचा परिणाम असा झालाय की मराठी अर्पणपत्रिका या विषयावर आज पुण्यात माझ्या तोडीचा माणूस नसेल. कोणत्या लेखकानं पहिलं पुस्तक आईला दिलं, दुसरं बायकोला आणि तिसरं 'तिला' असं नुसतंच मोघम, हे मला विचारा. त्या पुस्तकांत पुढे काय आहे ते मात्र विचारू नका.

तुमचा मुक्काम याच शहरात का, याचं मला कधी नवल वाटलं नाही. पुणं हे तुमचं माहेर. इथं गणपतीसुद्धा तुम्हाला विचारून पाण्यात जातात. कसबा पहिला, तांबडी जोगेश्वरी दुसरा, गुरुजी तालीम तिसरा, तुळशीबाग चौथा, केसरीवाडा पाचवा. हा क्रम पाठ नसलेला माणूस पुण्यात जन्मला असेल, पण वाढलेला नाही. सांगतात की १८९४ च्या सुमारास मिरवणुकीत पुढं कोण यावरून जुंपली, तेव्हा टिळकांनी निवाडा दिला, की ग्रामदैवत पहिलं, ग्रामदेवता दुसरी. आणि त्यांच्या स्वतःच्या वाड्याचा गणपती आज पाचवा आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवा. तुमच्याशी व्यवहार करताना एवढा शहाणपणा दाखवणारा माणूस पुन्हा झाला नाही.

पण या मानाच्या क्रमाची दुसरी बाजू विसर्जनाच्या दिवशी बेलबाग चौकात उभं राहिलं की कळते. मंडईतून मानाचा पहिला निघतो. तो हलल्याशिवाय दुसरा नाही, पाच जण पुढे सरकल्याशिवाय लक्ष्मी रस्त्यावर मागच्यांना वाट नाही. मागं ढोल-ताशा पथकं ताशाची दोरी आवळून, डोक्याला फेटे बांधून तासन्‌तास ताटकळलेली. मिरवणूक चोवीस तासांवर गेली की पेपरात दरवर्षी तीच बातमी, तेच आकडे, तीच चर्चा.

आधीराव, माझं कपाट म्हणजे बेलबाग चौक आहे. आणि आमचा मानाचा पहिला मंडईतून हललेलाच नाही.

मानाचा पहिला कोण, हे पुण्यातल्या घराला विचारायची गरज नाही. 'गीतारहस्य'. आमची प्रत वडिलांची. तपकिरी कापडी बांधणी, कण्यावरची सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली. वडील म्हणायचे, "वाचायचं असेल तर आधी हे वाच. मग बाकीचं वाचलंस तरी चालेल, नाही वाचलंस तरी चालेल." किती सोपी वाट! त्यांनी स्वतः कुठवर मजल मारली होती, ते मला ते गेल्यावर समजलं. पुस्तक उघडलं तेव्हा दुसऱ्या प्रकरणात पीएमटीचं एक तिकीट निघालं, पिवळं पडलेलं, कंडक्टरनं भोक पाडलेलं. त्या तिकिटाच्या पुढची पानं अशी कोरी करकरीत, की एकमेकांना चिकटून बसलेली.

आता गंमत ऐका. दुसऱ्या प्रकरणाचं नाव 'कर्मजिज्ञासा'. दोन कर्तव्यं समोर उभी राहतात, दोन्ही खरी, दोन्ही एकदम करता येत नाहीत, तेव्हा माणसाची जी कोंडी होते, तिचं ते प्रकरण. तिथं एकटा अर्जुन नाही. टिळकांनी शेक्सपिअरचा हॅम्लेट आणि कोरिओलेनसही पंगतीला बसवलेत. म्हणजे 'आता मी काय करू' असं वाटून हातपाय गाळलेल्या माणसासाठी या शहरानं लिहिलेलं सगळ्यात मोठं पुस्तक कोणतं, तर हे. आणि आधी कोणतं वाचू या कोंडीत सापडून आम्ही दोन पिढ्या जे उघडत नाही ते पुस्तक कोणतं, तर तेही हेच. तुमच्या कामातली ही सफाई बघून मी एक रात्र नुसता वर पंख्याकडे बघत पडून होतो. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीनं १९१०-११ च्या हिवाळ्यात पाच महिन्यांत लिहिलं. १९१५ साली ते छापून आलं. त्यांना सहा वर्षांची शिक्षा होती. आम्हाला बहुधा जन्मठेप असावी.

अर्थात आमच्या घरात 'गीतारहस्य' कोणीच वाचलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मागच्या पावसाळ्यात कपाट उघडलं तेव्हा कण्याच्या आतल्या बाजूनं बारीक भुसा सांडला. कसर. चंदेरी, मिशाळ, बोटभरसुद्धा नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं की विषयप्रवेशापासून सुरू कर. बांधणीतली खळ जिथं गोड लागली तिथून तिनं तोंड घातलं आणि प्रकरणांच्या सीमा न बघता आरपार गेली. शेजारच्या स्वयंपाकाच्या पुस्तकातही तिनं त्याच निष्ठेनं अभ्यास केला होता. मी डांबराच्या गोळ्या टाकल्या, कडुलिंबाचा पाला ठेवला, पण तिच्याबद्दल थोडा आदर राहिला तो राहिलाच.

मानाचा दुसरा बघा. इरावती कर्वे यांचं 'युगान्त'. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलेलं, १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं आणि हातात घेतलं तर अगदी सडपातळ पुस्तक. दोन रविवारी संपेल. मी ते घेतलं आणि तुम्ही हजर. "महाभारत वाचल्याशिवाय 'युगान्त' वाचणार? त्या बाई काय सांगतायत ते कळेल का? आधी निदान 'व्यासपर्व' तरी." म्हणून दुर्गाबाईंचं 'व्यासपर्व' आणलं. तोवर ऑफिसातला एक जण म्हणाला, "आधी 'पर्व' वाचा, भैरप्पांचं, उमाताई कुलकर्णींनी केलेला अनुवाद आहे, मग बाकी सगळं फिकं." दुसरा म्हणाला, "'मृत्युंजय' झालंय ना? ते शाळेतच व्हायला हवं." ते शाळेतच झालं नव्हतं. शेवटी एका निवृत्त प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मूळ वाचा. आणि मूळ म्हणजे चिकित्सित आवृत्ती."

चिकित्सित आवृत्ती म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, म्हणजे लॉ कॉलेज रस्ता, म्हणजे घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. १९१९ मध्ये सुरू केलेलं काम, १९६६ मध्ये पुरं झालेलं. सत्तेचाळीस वर्षं, एकोणीस खंड, साडेबाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून बघितलेली. एक सडपातळ पुस्तक वाचायचं म्हणून निघालो होतो आणि तुम्ही मला एकोणीस खंडांच्या पायथ्याशी नेऊन उभं केलंत. तिथून वर बघताना आजी आठवली. ती म्हणायची, घरात अख्खं महाभारत वाचू नये, भांडणं होतात. एवढी सोयीची श्रद्धा मी दुसरी पाहिलेली नाही आणि मी ती तात्काळ स्वीकारली.

पण भांडारकरच्या याच प्रकल्पात तुमच्याविरुद्धचा पुरावा मला सापडला, आणि तो इथं जाहीर करण्यासाठीच मुख्यतः हे पत्र आहे. एवढे शिस्तीचे पंडित, अक्षर अक्षर तोलणारे. नमुना म्हणून त्यांनी सर्वांत पहिलं छापलं ते कोणतं पर्व? तुम्ही म्हणाल आदिपर्व, नावातच आहे. चूक. १९२३ साली नारायण बापूजी उत्गीकरांनी संपादित केलेलं विराटपर्व पुढं आलं. चौथं! हात बसावा, पद्धत पारखावी म्हणून त्यांनी मध्यातून एक पर्व उचललं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ मध्ये सूत्रं घेतली आणि त्यांचं आदिपर्व संपायला १९३३ उजाडलं. म्हणजे महाभारतालासुद्धा आदिपासून आरंभ करायची सक्ती नव्हती, आणि मला, कोथरूडच्या एका हिशेबतपासनिसाला, 'युगान्त' उघडायला तुमची परवानगी लागते?

तुमची बाजू घेणारेही मोठे आहेत, हे मान्य. ज्ञानकोशकार केतकर घ्या. तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' त्यांनी पुण्यात बसून तडीस नेला, पण 'अ' पर्यंत पोचण्याच्या आधी पाच खंड नुसती प्रस्तावना! हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास, मग सहाव्या खंडात अकारादी. तुमचं देऊळ बांधायचं ठरलं तर मूर्ती डॉक्टर केतकरांचीच बसवा, मी वर्गणी देतो. फरक इतकाच, की त्या माणसानं पाच खंडांनंतर सहावा काढला.

आता डिसेंबर २०२४ चा प्रसंग. तुम्हाला आठवत असेलच, तुम्हीच सूत्रधार होतात. फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरायचा होता आणि त्याच्या तोंडावर 'शांतता, पुणेकर वाचत आहेत' असा उपक्रम जाहीर झाला. दुपारी बारा ते एक, जो जिथं असेल तिथं त्यानं पुस्तक वाचायचं. आमच्या ऑफिसातही फर्मान निघालं. मी उत्साहात होतो. मला कोणीतरी अधिकृत तास देत होतं! आदल्या रात्री मी निवड करायला बसलो आणि ती होईना, म्हणून चार पुस्तकं पिशवीत घातली. डब्याला जागा राहिली नाही, डबा हातात धरून नेला.

बाराला शांतता झाली. समोरची मुलगी एक जाडजूड इंग्रजी रहस्यकथा काढून त्यात बुडाली. शिपाई गजानन महाराजांची पोथी घेऊन बसला होता, त्याचे ओठ हलत होते. साहेबांनी व्यवस्थापनावरचं काहीतरी धरलं होतं आणि पानं उलटण्याचा त्यांचा वेग संशयास्पद होता, पण उलटत तरी होते. मी चारही पुस्तकं टेबलावर मांडली. इतिहासाचं घ्यावं तर तासात काय होणार, नुसती नकाशाची पानं. कथा घ्याव्यात तर कोणती कथा पहिली, लेखकानं लावलेल्या क्रमानंच वाचावं का? कविता ऑफिसात वाचताना कोणी बघितलं तर? बारा वाजून पन्नास मिनिटांनी मी एका पुस्तकावर हात ठेवला. मलपृष्ठ वाचलं. मनोगताच्या तिसऱ्या परिच्छेदात होतो, तेवढ्यात टाळ्या वाजल्या. एक वाजला होता. साहेब म्हणाले, "तुम्ही चार वाचलीत?" आणि कौतुकानं मान हलवली. मी ते कौतुक घेतलं. याबद्दल लाज वाटते, पण निम्मी तुमच्या खात्यावर टाकतो.

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं. त्याच आठवड्यात 'नुसतं बघून येतो' म्हणून फर्ग्युसनला गेलो आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परतलो. कारण तुमची आणखी एक युक्ती: "आधी घेऊन तर ठेव." वाचनाच्या दारात आडवे पडणारे तुम्ही, खरेदीच्या दारात मात्र पायघड्या घालता. प्रकाशनपूर्व सवलत, महोत्सवाची सवलत, साठ टक्के, संपूर्ण संच. त्या सवलतींतून आम्ही किती पैसे वाचवले याचा हिशेब मी तपासलाय. तेवढ्या बचतीत एक मोठं कपाट येतं. आलंही.

त्या कपाटाच्या पायाशी तुमचा खास बळी ठरलेलं एक पुस्तक होतं, त्याची हकीकत मला सांगितलीच पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी अप्पा बळवंत चौकाजवळ पदपथावर जुन्या पुस्तकांचा ढीग होता. त्यात एका जुन्या नटाचं आत्मचरित्र सापडलं. साठ रुपये. घरी येऊन बघतो तर ते भाग दुसरा. आतल्या पानावर शाईनं लिहिलेलं, कोणा चिरंजीवाला वाढदिवसाचे आशीर्वाद, आणि मध्यावर दोन पानं वरच्या कडेला तशीच जोडलेली, छापखान्यात कापायची राहून गेलेली. त्या चिरंजीवानंही ते वाचलं नव्हतं तर! मला बरं वाटलं. नट मला आवडायचा, नाटक कंपन्यांचे दिवस मला आवडतात, पुस्तक हातात होतं. पण भाग दुसरा. "आधी पहिला मिळव," तुम्ही म्हणालात. नऊ वर्षं मी पहिला शोधतोय. दुकानदार आता मला लांबून बघूनच मान हलवतात. ते पुस्तक स्टुलावरही आलं नाही, कारण स्टुलावर यायची त्याची पात्रताच तुम्ही काढून घेतली होती.

आमच्या हिचं तुमच्याशी कधी काही अडलं नाही. ती दर पंधरवड्याला बसनं नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालयात जाते आणि नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांतून जे हाताला लागेल ते घेऊन येते. "नुकतं परत आलंय म्हणजे कोणीतरी वाचलंय, म्हणजे वाचता येतं," एवढंच तिचं समीक्षाशास्त्र. मी एकदा तिला म्हणालो, अगं, घरात एवढी पुस्तकं असताना? ती म्हणाली, "तुमच्या पुस्तकांवर तारीख नसते." आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर रबरी शिक्क्याची तारीख असते, त्या तारखेला पुस्तक परत द्यायचं असतं, म्हणून ती वाचते. माझं पुस्तक माझ्याकडे मरेपर्यंत राहणार, म्हणून मी ते मरेपर्यंत वाचणार नाही. एवढी सोपी गोष्ट समजायला मला घरात दोन कपाटं करावी लागली.

ग्रंथालयाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. लोकहितवादींनी पुण्यात १८४८ साली वाचनालय काढलं, आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. आणि त्याच वर्षी त्यांनी 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहायला घेतली, ती शंभराच्या वर गेली. म्हणजे लोकांच्या हातात पुस्तक द्यायचं आणि दुसऱ्या हातानं त्यांना चार खडे बोल सुनवायचे, ही या गावची जुनी जोडी आहे. माझ्या पत्राकडे त्या परंपरेतलं म्हणून बघा अशी माझी अपेक्षा नाही. पण कोणी बघितलं तर मी हरकत घेणार नाही.

माझ्या आईला तर तुमचं नावही ठाऊक नव्हतं म्हणायला हवं. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो तेव्हा वाचनालयाचा माणूस सायकलला कापडी पिशव्या अडकवून यायचा. दारात उभा राहून तो दोन पुस्तकं काढायचा, आई एक घ्यायची. कोणतं, तर जे वरती असेल ते. पोळ्या लाटून झाल्या की ओट्याला टेकून उभ्यानं वाचायची. कधी नवव्या पानापासून सुरू, कारण पहिली आठ गळून गेलेली. एवढंच नव्हे, तर वाण्याकडची शेंगदाण्याची पुडी सोडली की दाणे डब्यात आणि कागद तिच्या हातात. वर्तमानपत्राचा तुकडा, अर्धी गोष्ट, ना सुरुवात ना शेवट. ती मन लावून वाचायची आणि जेवताना आम्हाला सांगायची, "अरे, ती बाई शेवटी घरी गेली असेल का रे?" आम्ही विचारायचो, कोण बाई? ती म्हणायची, "काय माहीत, पुडीतली."

तर मग आरोपपत्र. तुमच्यामुळे तानाजीनं रायबाचं लग्न मागं ठेवलं आणि कोंढाण्याचं लावलं. गड मिळाला, लग्नघरातला बाप गेला. तुमच्यामुळे विठोबाला पोटोबाच्या मागं रांगेत उभं राहावं लागतं. तुम्ही आधीच उल्हासात असता आणि वरून फाल्गुन आणता. संस्कृतात तर तुमच्या नावाच्या अगदी जवळचा एक शब्द थेट मनाच्या दुखण्याला दिलाय आणि त्याच्यामागं व्याधी जोडलीय. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आता ज्या क्रमानं लागल्या तो क्रमही तोच.

तुम्ही म्हणाल, हा माणूस काहीच वाचत नाही आणि दोष मला देतो. हे सपशेल खोटं आहे. मी भरपूर वाचतो. लक्ष्मी रस्ता तुंबला की बाकीची मंडळं काय करतात? कुमठेकर रस्त्यानं निघतात, केळकर रस्त्यानं निघतात, टिळक रस्त्यानं तर थाटात निघतात. माझंही तसंच. दिवाळी अंक मी फडशा पाडतो, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पाडतच असतो. रहस्यकथा मुंबईला जाता-येता डेक्कन क्वीनमध्ये होतात. औषधांच्या डब्यांतली बारीक अक्षरातली चिठ्ठी, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, फोनवर कोणीतरी पाठवलेला 'न वाचलेली पुस्तकं घरात असणं कसं बुद्धिमत्तेचं लक्षण' हा लेख, सगळं वाचतो. त्या लेखात उंबेर्तो एकोच्या घरी तीस हजार पुस्तकं होती असं होतं. असतील. तो रात्री कादंबऱ्या लिहायचा, मी रात्री मलपृष्ठं वाचतो, आमची तुलना नको. सांगायचं ते एवढंच, की तुम्ही हुकूम चालवता तो फक्त त्या मुख्य रस्त्यावर. जिथं तुमचा पहारा नाही तिथं माझी मिरवणूक छान वाजतगाजत जाते. मग मला सांगा, रस्ता कोणी अडवलाय?

माझी मागणी फार नाही. पुण्यातून तुम्हाला हद्दपार करा असं मी म्हणणार नाही, गणेशोत्सवाचं काय होईल? अप्पा बळवंत चौकात रांग लागते तेव्हा जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांपुरते तुम्ही हवेच. पाचवीच्या गणिताआधी चौथीचं. तिथं राहा, सुखानं राहा. फक्त रात्री दहा ते पावणेअकरा, कोथरूडच्या एका स्टुलापासून चार हात लांब. आज रात्रीपासून मी डोळे मिटून हात घालणार आहे आणि जे येईल ते उघडणार आहे. 'गीतारहस्य' आलं तरी. वडिलांचं तिकीट जिथं आहे तिथूनच पुढं, त्यांच्या मागच्या स्टॉपला परत जायचं नाही.

कळावे,

आपला (नाइलाजानं) आज्ञाधारक,
एक हिशेबतपासनीस, कोथरूड

ता. क. हे पत्र लिहून झालं त्याच रात्री डोळे मिटून हात घालायला गेलो, तर त्याच्या आधी (हो, लिहिला, तुमचा शब्द) स्टूल पुसावं असं वाटलं. पुसलं. मग पुस्तकं उंचीप्रमाणं लावली. अकरा वाजले.

त्यानंतरच्या रविवारी मुलगी आली होती, ती बंगळूरला असते. परतताना गाडीत वाचायला काहीतरी हवं म्हणून कपाटाच्या पायाशी बसून तिनं एक पुस्तक ओढलं. मी आत चहा घेत होतो. बुधवारी तिचा फोन आला तेव्हा सहज विचारलं, कोणतं नेलंस गं?

"ते नटाचं. पर्सच्या कप्प्यात बसत होतं."

मी म्हणालो, "अगं, तो दुसरा भाग आहे. पहिला मिळायचाय अजून."

"हो का? मला नाही कळलं. तो एकदम मिरजेला स्टेशनवर उतरतो आणि कंपनी बुडालेली असते. मला वाटलं, सुरुवातच अशी केलीय. भारी आहे, बाबा. संपत आलं."

"आणि मधली दोन पानं? ती जोडलेली आहेत ना वरती?"

"होती. फाडली."

"फाडलीस?"

"मग कशी वाचणार? हेअरपिननं फाडली."